वजनाच्या ऑपरेशननंतर सिस्टर सारखी नाडी का बघते?

मार्च २०२५मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली आणि लठ्ठपणावर घराघरांत बोलणं सुरू झालं. पूर्वी ज्यांना "तोंड आवर" एवढाच सल्ला मिळायचा, ती माणसं आता डॉक्टरांना सरळ विचारतात, इंजेक्शन घेऊ की ऑपरेशन करून टाकू? मी ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डात नर्स आहे. चौकशीला येणाऱ्या नातेवाइकांचे प्रश्न आता पाठ झालेत. सर्जन कोण, पॅकेज किती, किती किलो उतरतील, व्रण दिसतील का. रात्री पेशंटजवळ कोण असेल आणि तिला या ऑपरेशनचं काय कळत असेल, हे मात्र फार थोडे जण विचारतात. ऑपरेशन दीड-दोन तासांत आटोपतं. त्यानंतरचे दिवस नर्सिंगचे असतात आणि पेशंट सुखरूप राहतो की नाही, हे बऱ्याच अंशी तिथे ठरतं.

आधी ऑपरेशन काय ते

वजन उतरवण्यासाठी जठरावर आणि आतड्यावर केलेल्या ऑपरेशनला बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. त्यात चरबी काढत नाहीत. चरबी शोषून काढणं म्हणजे लायपोसक्शन, आणि तो लठ्ठपणाच्या आजारावरचा इलाज नाही.

आपल्याकडे दोन प्रकार जास्त होतात. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग स्टेपलरने कापून बाहेर काढतात आणि एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला छोटी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. नेहमीच्या बायपासमध्ये या पिशवीत जेमतेम ३० मिली मावतं. दोन्ही ऑपरेशनं दुर्बिणीतून होतात. पोट थोडक्यात भरतं हा एक भाग झाला. त्याशिवाय भूक आणि साखर सांभाळणारी संप्रेरकंही बदलतात. म्हणून मधुमेह असलेल्यांची शुगर बरेचदा वजन उतरायच्या आधी, काही दिवसांतच खाली येऊ लागते.

कोणाला करायचं हे बीएमआयवरून ठरतं. किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय मिळतो. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ९५ किलो असेल तर तो ३७ येतो. २०२२च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ झाला की ऑपरेशनचा विचार करता येतो, कारण आपल्याला मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनावरही गाठतात. विमा कंपन्यांचा उंबरठा मात्र बराच वर आहे. बीएमआय ४० हवा, किंवा ३५सोबत हाताबाहेर गेलेला मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असा आजार हवा. डॉक्टर हो म्हणाले म्हणजे क्लेम पास झालाच, असं धरून चालू नका.

ॲडमिशनच्या दिवशी सिस्टर काय बघत असते

सुरुवात बीपीच्या पट्ट्यापासून होते. दंड जाड असेल आणि पट्टा नेहमीचाच, तर बीपी खोटं जास्त दिसतं. त्या आकड्यावर गोळी वाढवली आणि ऑपरेशननंतर बीपी खरोखर घसरलं, तर घोटाळा होतो. दंडाचा घेर मोजून मोठा पट्टा लावणं हे मिनिटाचं काम आहे, पण वॉर्डात मोठा पट्टा असायला हवा. बेड, व्हीलचेअर, कमोड आणि वजनकाटा यांचंही तसंच. प्रत्येकाला वजनाची एक मर्यादा असते आणि ती पेशंट यायच्या आधी तपासून ठेवावी लागते.

मग झोपेची चौकशी. घोरता का, दिवसा गाडीत बसल्या बसल्या डोळा लागतो का, घरी श्वासाचं सीपॅप मशीन आहे का. असेल तर ते हॉस्पिटलात आणायलाच हवं. लोक ते घरी ठेवून येतात, आणि भुलीचा अंमल पुरता उतरलेला नसताना त्याच रात्री त्याची सगळ्यात जास्त गरज असते.

ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे कमी उष्मांकाचा आणि जास्त प्रथिनांचा आहार देतात. "आता ऑपरेशन होणारच आहे, शेवटचं पोटभर जेवून घेते," असं म्हणणाऱ्या बायका मला खूप भेटतात. त्यांना मी सांगते, हा आहार तुमच्या यकृतासाठी आहे ताई. लठ्ठपणात यकृतावर चरबी साठते आणि त्याचा डावा भाग नेमका जठरावर आडवा येतो. दोन आठवड्यांत यकृत आक्रसतं आणि सर्जनला काम करायला जागा मिळते.

आणखी एक गोष्ट हल्लीची आहे. वजनाचं इंजेक्शन चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला ते न लपवता सांगा. या औषधांनी पोट उशिरा रिकामं होतं. उपाशी असूनही पोटात अन्न राहिलं तर भूल देताना ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. "ऑपरेशन नाकारतील" या भीतीने काही जण गप्प बसतात. भूलतज्ज्ञांना ते आधी कळलं तर बंदोबस्त करता येतो.

पहिली रात्र

सोसायटीत पाइपलाइनचा नवा जोड बसवला की प्लंबर तासाभरात निघून जातो. जोड टिकला की नाही हे नळ सुरू झाल्यावर कळतं. पाइप भिंतीच्या आत असेल तर डाग बाहेर यायला वेळ लागतो आणि तोवर आत पाणी मुरलेलं असतं. जठर कापल्या जागी स्टेपलरने घातलेल्या टाक्यांच्या रेषेचं तसंच आहे. ती कुठे सुटली तर जठरातलं अन्न-पाणी पोटात झिरपतं. याला गळती म्हणतात. प्रमाण कमी आहे, शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी, पण उशिरा लक्षात आली तर जिवावर बेतते.

एरवी पोटात असं काही झालं की पोट कडक होतं आणि हात लावला तरी माणूस ओरडतो. लठ्ठ पेशंटच्या पोटाच्या भिंतीत चरबीचा जाड थर असतो, त्यामुळे पोट मऊच लागतं. ताप येईल म्हणून वाट बघावी, तर तो उशिरा येतो. सगळ्यात आधी बोलते ती नाडी. मिनिटाला १२०च्या वर गेली आणि दुखण्याचं औषध, सलाईन देऊनही तासन् तास खाली येत नसेल, तर ते गळतीचं लक्षण धरून चालायचं, जोवर तपासणीत तसं नाही असं ठरत नाही. सोबत श्वास जलद होतो, लघवी कमी होते, कधी डावा खांदा दुखतो. पोटातला जंतुसंसर्ग छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला टोचतो आणि वेदना खांद्यात जाणवते. दुर्बिणीसाठी भरलेल्या वायूनेही खांदा दुखतो, पण तो चालल्यावर हळूहळू निवळतो. दोन्हींत फरक करायला वेळोवेळी पेशंटजवळ जाऊन बघणारं माणूस लागतं.

आणखी एक खूण कुठल्याच मॉनिटरवर उमटत नाही. पेशंट अस्वस्थ होतो. "सिस्टर, मला काहीतरी बरं वाटत नाहीये" म्हणतो आणि नेमकं कुठे दुखतंय ते सांगता येत नाही. नवख्या मुलीला वाटतं, घाबरलाय, झोपेल. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना मी सांगते, हे वाक्य ऐकलं की आधी नाडी मोजायची, चार्टवर तासातासाचे आकडे एका ओळीत बघायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा. एकटा ९८चा आकडा काही सांगत नाही. ८४, ९२, १०४, ११६ अशी चढण दिसली तर ती सांगते. म्हणून रात्री अडीच वाजता तुम्हाला जागं करून मनगट धरलं, तर रागावू नका.

एक नियम मुद्दाम सांगते, कारण तो नातेवाइकांनाही माहीत असावा. उलटी होतेय म्हणून या पेशंटच्या नाकातून पोटात राइल्स ट्यूब अंदाजाने घालायची नाही. एरवी वॉर्डात नर्स ती सर्रास घालते. इथे नळीचं टोक ताज्या रेषेवर आपटून भोक पाडू शकतं. सर्जनला बोलवायचं.

"एवढं दुखतंय, तर चालवता कशाला?"

सासूबाई, आई, बहीण, सगळ्यांची ही तक्रार असते. गळतीइतकीच मोठी भीती रक्ताच्या गुठळीची असते. पोटरीत गुठळी झाली आणि ती सुटून फुप्फुसात अडकली, तर बरेचदा उपचाराला वेळही मिळत नाही. लठ्ठपणा, भूल आणि पडून राहणं यांनी धोका वाढतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, पायांत घट्ट मोजे किंवा हवेने दाबणारे पट्टे, आणि त्याच संध्याकाळी उठून चार पावलं. उठताना कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, हाताने रेटा द्यायचा. पोटावर जोर येत नाही. वॉर्डातल्या मावशी आणि मामा दोन्ही बाजूंना हवेत. एकट्या नर्सने ओढून उठवलं तर पेशंट पडतो आणि तिची कंबर कायमची जाते.

श्वासाचं तीन चेंडूंचं यंत्र तासाला दहा वेळा ओढायचं. डोकं आणि छाती ३० ते ४५ अंश वर ठेवायची. सपाट झोपवलं की पोटाचा भार फुप्फुसांवर येतो. दुखण्यासाठी झोप आणणारी जड औषधं जपून देतात, कारण झोपेत श्वास अडकणाऱ्याचा श्वास त्यांनी आणखी मंदावतो.

तीस मिलीचा कप

खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर जो प्लास्टिकचा छोटा कप येतो, तो या पेशंटचा पेला. त्यात पाणी. एक घोट घ्यायचा, थांबायचं, पुन्हा घोट. कप संपायला पंधरा मिनिटं लागली तरी चालतील. तहान लागली म्हणून गटागटा प्यायलं तर अरुंद नळीत दाब वाढतो, छातीत कळ येते, उलटी होते आणि उलटीचा ताण थेट रेषेवर येतो. मी पेशंटच्या टेबलावर कप मांडून ठेवते आणि तासाला किती गेलं ते लिहून घेते. तोंडाने पाणी नीट जातंय, नाडी शांत आहे, लघवी होतेय, चालता येतंय, तर दोन-तीन दिवसांत घरी सोडतात.

मधुमेह असेल तर याच काळात शुगर वरचेवर बघतात. इन्सुलिनचा जुना डोस सवयीने दिला तर साखर धाडकन खाली येते. घरी जाताना शुगर आणि बीपीच्या गोळ्यांची नवी यादी हातात हवी. जुनी पट्टी घरातल्या डब्यातून काढून टाका.

घड्यांमधली कातडी आणि वॉर्डातलं बोलणं

मे महिन्यात ठाण्याच्या दमट हवेत धडधाकट माणसाच्याही अंगाला पाणी सुटतं. स्तनांखाली, पोटाच्या ओघळाखाली, जांघेत कातडीवर कातडी घासली की ती ओली राहते, लाल होते, बुरशी धरते. रोज घड्या उचलून बघायच्या, कोमट पाण्याने पुसायच्या, टिपून कोरड्या करायच्या, मऊ सुती कापड ठेवायचं. पावडर थापू नये, ती घामात लगदा होते. लघवीची नळी (कॅथेटर) एखाद्या घडीत दबून राहिली तर तिच्याखाली जखम होते, म्हणून नळ्यांची जागा बदलायची.

हे करताना पडदा ओढलेला हवा. वजन पॅसेजमध्ये सगळ्यांसमोर करायचं नाही, आकडा मोठ्याने सांगायचा नाही. पुढून-मागून अंग झाकेल असा गाऊन द्यायचा. "हिला उचलायला चार जण लागतील" हे वाक्य बेडशेजारी उभं राहून बोललेलं मी ऐकलं आहे आणि त्या बाईंचा चेहराही बघितला आहे. त्यानंतर त्यांनी बेडपॅन मागायचं टाळण्यासाठी पाणी पिणं कमी केलं. अपमानाने पेशंट गप्प होतो आणि गप्प पेशंट लक्षणं सांगत नाही. लठ्ठपणात आनुवंशिकता, संप्रेरकं, औषधं, झोप यांचा मोठा वाटा असतो. आळशीपणाचा शिक्का मारून त्यातलं काहीच बदलत नाही.

"घरी ब्यूरोची बाई ठेवू, मग झालं ना?"

ब्यूरोतून येणारी बाई अंघोळ घालेल, हात धरून चालवेल, वेळेवर कप हातात देईल, आणि या सगळ्याचा उपयोगच आहे. पण ती शिकलेली नर्स नसते. नाडी का वाढली हे तिने ओळखावं अशी अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे. स्लीव्हनंतरच्या बऱ्याच गळत्या पेशंट घरी गेल्यावर उघड होतात. म्हणून घरातल्या एकाने नाडी मोजायला शिकून घ्यावं. ऑक्सिमीटर बोटाला लावला तरी आकडा दिसतो. नाडी १२०च्या वर टिकून राहिली, ताप, दम, वाढती पोटदुखी, पाणीही न टिकणं, एका पोटरीत दुखणं आणि सूज, काळी शी किंवा रक्ताची उलटी, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही.

खाणं पायरीपायरीने वाढतं. आधी पातळ, मग दाट पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. नेहमीचं घन अन्न साधारण दीड-दोन महिन्यांनी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि इथे आपल्या घरांची फसगत होते. डाळीचं वरवरचं पाणी म्हणजे ताकद, हा समज घट्ट आहे, पण त्या पाण्यात प्रथिनं नावापुरतीच असतात. डाळ घोटून, अंडं, पनीर, घट्ट दही आणि सुरुवातीला डॉक्टरांनी सांगितलेली प्रोटीन पावडर, असं जमवावं लागतं. नवी मुंबईतल्या आगरी-कोळी घरांत मला हे सांगायला सोपं जातं. मऊ अन्नाच्या पायरीवर काटे नीट काढलेलं, कमी तेलातलं पापलेट किंवा ओला बोंबील उत्तम. तिखट कालवण नंतर.

जेवताना पाणी प्यायचं नाही, अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं. दिवसभरात दीड लिटर घोटाघोटाने पूर्ण करायचं. बायपासनंतर गोड पटकन खाल्लं तर ते थेट आतड्यात उतरतं आणि घाम, धडधड, चक्कर, जुलाब सुरू होतात. गणपतीत उकडीचा मोदक आग्रहाने वाढणाऱ्यांना हे सांगून ठेवा.

उपासाबद्दल दर वेळी विचारलं जातं. संकष्टी, एकादशी, नवरात्र. पहिले काही महिने निर्जळी उपास पूर्ण बंद. साबुदाण्यात पिष्ट असतं, प्रथिनं जवळपास नसतात. शिवाय चिकट गोळा अरुंद नळीत अडकतो. दूध, दही, पनीर उपासाला चालतं, त्यावर निभावता येतं. श्रद्धा सोडा असं मी कोणालाच सांगत नाही, पण पाणी सोडू नका.

उलट्या थांबत नसतील तर

हा भाग फ्रीजवर चिकटवून ठेवला तरी चालेल. शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. ऑपरेशननंतर खाणं आधीच कमी, त्यात दिवसचे दिवस उलट्या झाल्या तर साठा संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो. डोळ्यांना एकाची दोन दिसणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं. अशा वेळी घराजवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं जातं. अशक्तपणा दिसतो म्हणून चांगल्या हेतूने ग्लुकोजचं सलाईन लावतात. बी-१ न देता ग्लुकोज दिलं तर उरलासुरला साठाही वापरला जातो आणि मेंदूचं नुकसान कायमचं होऊ शकतं. म्हणून कुठेही गेलात तरी आधी सांगा, वजनाचं ऑपरेशन झालंय, उलट्या होताहेत, ग्लुकोजच्या आधी बी-१ द्या. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

फॅमिली डॉक्टरांनाही कळवा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी, विशेषतः बायपासच्या जोडावर, अल्सर होतो. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या आयुष्यभर चालू राहतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, ते बहुतेकांचे परत येतात. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि गर्भ लवकर राहतो, म्हणून किमान १२ ते १८ महिने गर्भधारणा टाळायची. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांशी दुसऱ्या उपायाबद्दल बोला.

"इंजेक्शन असताना हा खटाटोप कशाला?"

प्रश्न रास्त आहे. काहींना इंजेक्शन पुरतं. पण सेमाग्लुटाइडच्या, म्हणजे वेगोव्हीतल्या औषधाच्या, अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी जवळपास दोन तृतीयांश परत आलं. वजन खूप जास्त असेल आणि मधुमेह असेल तर ऑपरेशनचा परिणाम मोठा आणि टिकाऊ असतो. धोक्याचं म्हणाल तर अनुभवी केंद्रांत तो पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनच्या जवळपास असतो. त्या "अनुभवी" शब्दात नर्सही येतात.

हॉस्पिटल ठरवताना

सर्जनशी बोलून झालं की वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरना भेटायला मागा. रात्री एका नर्सकडे किती पेशंट असतात? अशा पेशंटची सवय असलेली कोणी रात्रपाळीला असते का? मोठा बीपीचा पट्टा आणि योग्य बेड आहे का? नाडी किती झाली की सर्जनला फोन जातो, हे लिहून ठेवलंय का? आहारतज्ज्ञ नंतरही भेटतील का? चांगल्या वॉर्डात या प्रश्नांचा राग येत नाही.

शेवटचं घरच्या पत्त्याबद्दल. कासारवडवली किंवा ओवळ्याला राहत असाल आणि गायमुखाजवळ गाड्या अडकल्या, तर घोडबंदर रोडवर तास कुठे जातो ते तुम्हाला माहीत आहे. डिस्चार्ज घेतानाच विचारून घ्या, रात्री दोन वाजता त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, तिकडून कोण उचलेल, आणि रस्ता बंद असेल तर जवळचं कोणतं हॉस्पिटल चालेल. तो नंबर घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये तिथल्या तिथे सेव्ह करा आणि वॉर्डातूनच एकदा लावून बघा.